एकशे बारा नांगर

श्रीपादराव वकिलांचं बोट अर्जावरून नावामागून नाव खाली उतरत होतं, ते एका नावाशी थांबलं, आणि गोपीनाथराव पुढे वाकले. तीस वर्षं ठाण्याच्या कचेरीच्या ओसरीवर बसून लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या माणसाला वकिलाचं बोट थांबलं म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. ‘आवडाबाई कोळीण,’ वकिलांनी सावकाश वाचलं, ‘निशाणी नांगर.’ आणि ते हसले. हसणं वाईट नव्हतं, घरातलं माणूस उलटी टोपी घालून बाहेर निघालं की हसतात तसं होतं. पण गोपीनाथरावांचे कान तापले. ज्याला लिहिता येत नाही त्याने लेखणीला हात लावायचा, आणि लिहिणाऱ्याने त्याच्या नावापुढे त्याच्या जातीधंद्याची निशाणी काढायची, ही बापजाद्यांपासूनची रीत. आगऱ्या-कुणब्याचा नांगर, सुताराचा वाकस, वाण्याचा तराजू, बाईमाणसाची बांगडी. कोळणीच्या नावापुढे नांगर काढायचा म्हणजे भटजींनी लग्नात श्राद्धाचे मंत्र म्हणण्यासारखंच झालं. वकिलांचं बोट पुढे सरकलं. सुताराला नांगर. कल्याणच्या दाऊदभाई विणकराला नांगर. अगदी तळाशी, पानाच्या शेवटच्या ओळीत, गोविंदा महार, त्यालाही नांगर. एकशे बारा नावं आणि एकशे बारा नांगर, सगळे सारखे, सुबक, एका ओळीत एकाखाली एक. वकील म्हणाले की अक्षराला तोड नाही, पण परवा रानाच्या चौकशी-कमिटीतले साहेब यातल्या एखाद्याला उभा करून विचारतील, तुझी निशाणी काय? तो म्हणेल वाकस, आणि कागदावर निघेल नांगर. मग सगळाच अर्ज खोटा, घरी बसून रचलेला, असं म्हणायला जंगलखात्याचा माणूस तिथे टपूनच बसलाय. तेव्हा गावाला परत जा, ज्याची निशाणी चुकली त्याला विचारा, त्याच्यादेखत खरवडून नीट करा, आणि उद्या सकाळी कागद माझ्याकडे आणा. एवढं बोलून ते विडा जुळवायला लागले.

कागद बासनात गुंडाळून गोपीनाथराव मासुंदा तळ्याच्या काठाने स्टेशनाकडे निघाले तेव्हा पौषाचं ऊन नुकतं तापू लागलं होतं. वाटेत दोघातिघांनी रामराम घातला, तो त्यांनी घेतला, पण लक्ष नव्हतं. चूक झाली याचं दुःख होतंच. त्याहून मोठं दुःख असं की चूक करताना आपल्याला फार बरं वाटत होतं, हे त्यांना स्वच्छ आठवत होतं. परवा उल्हासच्या काठी, शहाडच्या पलीकडे, तानाजी पाटलाच्या खळ्यावर सात गावचे लोक जमले होते. सरकारने रानातल्या झाडांच्या फांद्या तोडायला बंदी केली होती. फांद्या नाहीत तर राब नाही, आणि राब भाजला नाही तर भाताचं रोप धरत नाही, हे ठाणे जिल्ह्यात शेंबड्या पोराला कळतं. साहेबाला ते कळावं म्हणून हा अर्ज. गाडी चुकू नये म्हणून गोपीनाथरावांनी त्या दिवशी नुसती नावं लिहून घेतली, एकेकाचा हात बोरूला लावून घेतला आणि निशाण्यांची जागा मोकळी सोडली. त्या संध्याकाळी घरी खिडकीशी बसून त्यांनी पहिला नांगर काढला. शेजारी त्यांची बायको गंगुबाई भिजवलेल्या वालांची सालं काढत होत्या आणि सुनेच्या माहेरचं काहीबाही सांगत होत्या. घरात वालाचा वास, बाहेर देवळातली घंटा, कागदावर नांगर. इसाडाची दांडी, रुमण्याची मूठ, खाली फाळ, तीन फटकाऱ्यांत एक. दुसरा. तिसरा. हात आपोआप चालला होता. साठाव्या-सत्तराव्या नांगराला गंगुबाईंनी विचारलं की अहो, गालातल्या गालात कसलं हसता? ते म्हणाले, काही नाही. आणि खरंच काही नव्हतं. नुसतं बरं वाटत होतं.

कल्याणची गाडी मिळाली. खाडीवरचा पूल, मिठागरांचे पांढरे चौकोन, मग दोन्हीकडे भाताची कापून मोकळी पडलेली खाचरं. गोपीनाथराव बासन मांडीवर घेऊन बसले होते आणि मन मागे मागे जात होतं. त्यांच्या घराण्यात एक गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगत. खापरपणजोबांनी ठाण्याच्या किल्ल्यात फिरंग्याचे कागद लिहिले, फिरंगी गेला. पणजोबांनी कल्याणच्या सुभेदाराची दफ्तरं लिहिली, पेशवाई बुडाली. आजोबांनी कंपनीचे दाखले लिहिले, कंपनीही गेली. राज्य कोणाचंही येवो, दौतीला शाई लागतेच, असं वडील म्हणायचे, आणि म्हणताना पानाची पिंक अशी टाकायचे की जणू तिन्ही राज्यं तिच्याबरोबर गेली. सत्तावन्न सालच्या गडबडीत, गोपीनाथराव तेव्हा चोविशीचे होते, किल्ल्याजवळून तिन्हीसांजेला येताना पहाऱ्यावरच्या शिपायाने त्यांच्यावर बंदूक रोखली होती. कोण आहेस, असं त्याने दरडावून विचारलं. त्यांनी हातातली दौत वर करून दाखवली. लिहिणारा, म्हणाले. शिपायाने बंदूक खाली घेतली आणि जा म्हणाला. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा वडील इतके खूश झाले की आईला गूळ वाटायला लावलं. लिहिणारा. कोणाचा, कशासाठी, हे कोणी विचारत नाही. ते उत्तर गोपीनाथरावांना जन्मभर पुरलं होतं. तीस वर्षं माणसं त्यांच्यासमोर येऊन बसत, भाऊ भावाविरुद्ध, शेजारी शेजाऱ्याविरुद्ध, कूळ खोताविरुद्ध. दोघांचेही अर्ज कधीकधी तेच लिहीत, एकाचा सकाळी आणि दुसऱ्याचा दुपारी, आणि दोन्ही तितक्याच मनापासून. त्यात त्यांना कधी काही वावगं वाटलं नाही. न्हावी दोन्ही भावांची दाढी करतोच की.

पण सात गावच्या लोकांचा मिळून एक अर्ज त्यांनी आयुष्यात कधी लिहिला नव्हता. खळ्यावर त्या दिवशी कोणी कोणाविरुद्ध नव्हतं. हीच गोष्ट त्यांना आत्ता, गाडी दिवा गावाजवळच्या दलदलीतून जाताना, पहिल्यांदा नीट सुचली, आणि ते जरा सरसावून बसले. अर्जाच्या सुरुवातीला अर्जदार कोण, जात काय, धंदा काय, हे घालावं लागतं. तिथे ते अडले होते. आगरी, कोळी, कुणबी, सुतार, मुसलमान विणकर, महार, दोन ठाकूर. काय घालणार? शेवटी त्यांनी ‘जिल्हे ठाणे येथील लोक’ असं लिहिलं आणि पुढे गेले. लिहिताना वाटलं होतं, अगदीच उघडंबोडकं दिसतंय. वकिलांनी मात्र आज त्यावरून बोट फिरवलं आणि काही म्हणाले नाहीत. मग निशाण्या काढायला बसल्यावर हाताने नांगराखेरीज दुसरं काही काढलंच नाही. आळसाने? सवयीने? सवयीने म्हणावं तर तीस वर्षांत त्यांनी वाकस काढले होते, तराजू काढले होते, बांगड्या तर शेकड्याने. गोपीनाथरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. आपला हात आपल्याला न विचारता काहीतरी बोलून गेला, असं त्यांना वाटलं, आणि जरा भीतीही वाटली. या वयात हाताने अशी थेरं करणं बरं नव्हे.

कल्याणला उतरून ते शहाडच्या वाटेने पायी निघाले. नदीवर आवडाबाईची तर होती, पैलतीराला नेणारी होडी. नवरा गेल्यावर ती होडी तीच चालवायची. चाळिशीची, काटक, आणि तोंडाची फटकळ. ती वल्हं मारत असतानाच गोपीनाथरावांनी तिला झालेली चूक सांगून टाकली. मनात खूप वाक्यं जुळवून ठेवली होती ती सगळी नदीत गेली. तुझ्या नावापुढे बांगडी हवी होती, माझ्याकडून नांगर निघाला, आता खरवडून बांगडी करतो, असं ते म्हणाले. तिने वल्हं थांबवलं. तर प्रवाहात जराशी वळली.

‘मना बांगडी नको,’ ती म्हणाली. ‘बांगड्या फोरल्या माज्या, चार वर्सं झाली. कागदावर कशाला भरताव?’

विधवा बाईच्या नावापुढेही बांगडीच काढायची, ही रीत गोपीनाथरावांनी इतक्या वेळा पाळली होती की त्या बाईला ती बांगडी कशी दिसत असेल हे कधी मनातच आलं नव्हतं. त्यांना बायका आठवू लागल्या. पदर पुढे ओढून, बोरूला बोट लावून, मान खाली घालून गेलेल्या. मग तुझी निशाणी वल्हं करतो, असं त्यांनी विचारून पाहिलं. तिने पुन्हा वल्हं मारायला घेतलं. म्हणाली, सायबानं विचारलं त मी नांगरच सांगीन, भात त मी पण खाते. पैलतीराला लागल्यावर तिने तर खुंट्याला बांधली आणि पुढे काय होतंय ते बघायला त्यांच्या मागोमाग खळ्यावर आली.

खळ्यावर पेंढ्याची उडवी रचलेली होती आणि तिच्या सावलीला पंधरावीस माणसं जमली. ज्यांची निशाणी चुकली होती त्यांतली बहुतेक आसपासचीच होती. दाऊदभाई त्या दिवशी सूत घेऊन गावातच आले होते. गोपीनाथरावांनी कागद घोंगडीवर पसरला, शेजारी दौत ठेवली, आणि खरवडायचा बारीक चाकू काढला. त्यांचा हात इतका हलका की खरवडलेली जागा खुद्द त्यांनाही पुन्हा सापडत नसे. सुताराने नांगराकडे बराच वेळ मान वाकडी करून बघितलं, आणि नांगर मीच घडवतो, वाकसानंच घडवतो, मग काय वाईट आहे, असं म्हणून बाजूला झाला. दाऊदभाई हसले. म्हणाले, माझ्या बापाने विणकाम धरलं, आजा शेतकरीच होता, राहू द्या. गोपीनाथरावांना हायसं वाटलं. चाकू न वापरताच चूक निस्तरते आहे, असं दिसू लागलं. विचारल्यावर सगळे नांगर म्हणाले तर कागद खराच ठरतो. तेवढ्यात तानाजी पाटलाने घसा खाकरला.

पाटलाचं नाव अर्जात पहिलं होतं. पाटील नसता तर सातांपैकी एकही गाव जमलं नसतं, आणि पाटलाने मान काढून घेतली तर परवा साहेबापुढे एकही माणूस उभा राहणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो माणूस वाईट नव्हता. दुष्काळात त्याने कोठार उघडलं होतं. पण त्याने कागदाच्या तळाकडे बोट केलं आणि सांगितलं की बाकीच्यांचं जाऊ द्या, पण गोविंदाचा नांगर खरवडा, तिथे महाराची काठी घाला. माझ्या नावापुढे नांगर आणि त्याच्याही नावापुढे नांगर, हे काही बरं दिसत नाही.

गोविंदा खळ्याच्या कडेला, कुडापलीकडे उभा होता, परवा उभा होता तिथेच. गोपीनाथरावांना परवाचा तो क्षण आठवला, आणि तो आठवणं त्यांना नको होतं. एकशे अकरा माणसांनी त्यांच्या हातातल्या बोरूला हात लावला होता. गोविंदाची पाळी आली तेव्हा त्यांनी बोरू जमिनीवर ठेवला, चार पावलं मागे सरले, गोविंदाने वाकून त्याला बोट लावलं आणि तो कुडापलीकडे गेला. मग कोणीतरी बोरूवर पाणी शिंपडलं. शाई जरा फिकी झाली म्हणून ते मनात चरफडले होते, एवढंच. आत्ता त्यांनी चाकू उचलला. सवयीने उचलला. अर्ज वाचवायचा तर एक नांगर खरवडायचा, एक काठी ओढायची, काम संपलं. सातही गावांचा राब एका बाजूला आणि तीन फटकाऱ्यांचा एक नांगर दुसऱ्या बाजूला. वडील असते तर म्हणाले असते, अरे विचार कसला करतोस, आपण लिहिणारे. चाकूचं टोक कागदाला लागलं.

‘पाटील,’ गोविंदा कुडापलीकडून म्हणाला, आवाज न चढवता, ‘तुमच्या नदीकाठच्या खाचरात नांगर कोन धरतो? बारा वर्सं मीच धरतो. बैल मना वलखतात, तुमाला नाय.’

आवडाबाई फिसकन हसली. तिच्यामागे आणखी दोघंतिघं हसले. पाटील लालबुंद झाला. खरं बोलणं खोटं करता येत नाही, तेव्हा माणूस दुसऱ्या कोणावर तरी वळतो. पाटील गोपीनाथरावांवर वळला. त्यांचा चाकू कागदापासून बोटभर वर उचललेला होता.

‘तुमाला काय जातंय, रावजी? तुमी लिवनार आन ठान्याला जानार. गावात दिस आमाला काढायचेत. तुमचं नाव हाय का ह्या कागदावर?’

आहे, गोपीनाथराव म्हणाले. शेवटी, कोपऱ्यात. हस्ते म्हणून. पाटलाने मान हलवली. हस्ते नाही, अर्जदार म्हणून आहे का, ते सांगा. नाही ना. मग लिहा. गोविंदाच्या खाली लिहा, तेवढीच जागा उरलीय. तुम्ही जातीचे परभू असून त्याच्या खाली बसायला तयार असाल, तर त्याच्या नांगराबद्दल मी तोंडातून शब्द काढणार नाही. तुम्ही नसाल, तर मला शिकवू नका. आणि तो खळ्यावर मांडी घालून बसला. सौदा पक्का करून बसल्यासारखा बसला, कारण उत्तर काय येणार याची त्याला खात्री होती.

खात्री गोपीनाथरावांनाही होती. अर्ज लिहिणाऱ्याने स्वतः अर्जदार होऊन सरकारपुढे गाऱ्हाणं मांडायचं आणि पुन्हा त्याच सरकारच्या ओसरीवर बसायचं, हे कचेरीच्या शिरस्तेदाराला चालणार नव्हतं. उद्या नाही तर महिन्याभराने तो निरोप धाडील की गोपीनाथराव, जागा दुसऱ्याला दिली. तीस वर्षांची ती जागा, खांबाला टेकून पाठीचा गुळगुळीत झालेला डाग. आणि आळीतले लोक विचारतील की कोणाच्या खाली नाव घातलंत? हे सगळं त्यांना एका दमात दिसलं. ते दिसत असतानाच त्यांच्या आत दुसरं काहीतरी चाललं होतं, आणि त्याला नाव द्यायला त्यांना जरा वेळ लागला. हेवा. त्यांना या एकशे बारा माणसांचा हेवा वाटत होता. यांच्यापाशी एक गाऱ्हाणं होतं, सगळ्यांचं मिळून एक. ते भांडत होते तेसुद्धा एकाच कागदावर कोण कुठे बसणार याच्यासाठी. आणि आपण तीन राज्यांची शाई वापरून या कोपऱ्यात, हस्ते. परवा खिडकीशी बसून नांगरामागून नांगर काढताना जे बरं वाटलं होतं ते सुबक रेघांमुळे नव्हतं. घोळक्यात शिरून पंगतीला बसल्यासारखं वाटत होतं, म्हणून हात थांबत नव्हता. आपल्याला त्या यादीत असायचं आहे, हे गोपीनाथरावांना कळलं, आणि कळल्याबरोबर त्यांना पोरासारखा आनंद झाला. शिरस्तेदाराची भीती गेली नव्हती, ती तिथेच होती. आनंद तिच्या शेजारी येऊन बसला एवढंच.

त्यांनी चाकू मिटला. बोरू शाईत बुडवला आणि गोविंदाच्या ओळीखाली, कागदाच्या अगदी काठाशी, दाटीवाटीने आपलं नाव, वडलांचं नाव, राहणार कसबे ठाणे, असं लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. वाचून दाखवायलाच हवं होतं, कारण तिथे वाचता येणारं दुसरं कोणी नव्हतं. पाटलाने पुढे झुकून ती ओली ओळ पाहिली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाला, बरं. एकदा दिलेला शब्द फिरवायची त्याची जात नव्हती.

आता नावापुढे सही करायची होती. गोपीनाथरावांची मोडीतली सही वळणदार, लांब शेपटीची, कचेरीत प्रसिद्ध होती. बोरू कागदावर टेकला आणि ती सही त्यांना एकदम नकोशी झाली. एकशे बारा नांगरांखाली ती शेपटी म्हणजे जेवणावळीत एकट्याने चांदीचं ताट मांडून बसणं. त्यांनी ‘निशाणी’ एवढाच शब्द लिहिला. आणि मग अडले. निशाणी स्वतःची स्वतः काढायची नसते, ती दुसऱ्याच्या हाताने काढायची, आपण नुसता लेखणीला हात लावायचा. त्यांनी वर पाहिलं. पाटलाने हात वर करून मी नाही बुवा, असं दाखवलं. गोपीनाथराव उठले, गुडघे धरून, आणि कागद घेऊन कुडाशी गेले. त्यांनी गोविंदाला विचारलं की नांगर काढशील का?

‘परवा तुमी बोरू भुईवर ठेवलात,’ गोविंदा म्हणाला. ‘आज हातात द्याल त काढतो.’

तो शांतपणे म्हणाला, आणि वाट बघत उभा राहिला. गोपीनाथरावांच्या मनात एक क्षण गंगुबाई येऊन गेल्या, अंघोळीचं पाणी, देवघर, सगळं येऊन गेलं. त्यांनी बोरू पुढे केला. गोविंदाने तो घेतला, आणि घेताना दोघांची बोटं एकमेकांना लागली. त्याचा हात खरखरीत होता, आणि गोपीनाथरावांना आश्चर्य वाटलं ते हे की इतका ऊनऊन होता. कुडाच्या आडव्या बांबूवर कागद धरला. गोविंदाने बोरू नांगराच्या रुमण्यासारखा मुठीत घट्ट आवळला, गोपीनाथरावांनी रीतीप्रमाणे त्याला बोट लावलं, आणि गोविंदाने दात ओठावर रोवून रेघ ओढली. शाईचा एक थेंब पडला. दुसरी रेघ पहिलीला भेटली नाही, ती पुन्हा ओढली. फाळ केवढा तरी मोठा झाला, बाजूच्या नावात शिरला.

तानाजी पाटील उठून, धोतराची माती झटकत, बघायला आला.

‘ह्या नांगरानं त खाचरात सरळ एक तास पन निघायचं नाय,’ तो म्हणाला.

‘इसाड भारी झालंय,’ गोविंदा म्हणाला, स्वतःच्याच कामाकडे मान वाकडी करून बघत.

‘दोन बैल नाय पुरायचे,’ पाटील म्हणाला. ‘चार लागतील.’

गोपीनाथरावांनी दोघांच्या मधून हात घालून ओल्या शाईवर चिमूटभर बारीक वाळू टाकली, आणि शाई वाळेपर्यंत तिघंही कागद धरून तिथेच उभे राहिले.